साइट बंद पडली? आधी शोधा, ती कुणाच्या यादीत आणि कधी गेली

नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही जुनी मराठी मासिकं स्कॅन करून आणि ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरची नाट्यगीतं उतरवून एका साइटवर ठेवता, कुणाकडून पैसा घेत नाही. पाच महिन्यांपूर्वी जुनं लांबलचक नाव सोडून तुम्ही एक छोटं, लक्षात राहील असं डोमेन घेतलंत. तेव्हापासून काही वाचकांच्या फोनवर साइट उघडत नाही. त्यांच्यातल्या एकाला ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशानुसार ही साइट बंद करण्यात आली आहे’ अशी पाटी दिसली. तुमच्या घरच्या ब्रॉडबँडवर मात्र ती व्यवस्थित चालते. कुणीतरी तुम्हाला सांगितलं की २०२३च्या सिनेमा कायद्यामुळे सरकार आता पायरसीच्या नावाखाली काहीही बंद करू शकतं. म्हणून तुम्ही विचारता : ही सेन्सॉरशिप आहे का, माझ्यावर गुन्हा दाखल होईल का, आणि अमेरिकेत २०१२ साली लोकांनी असा कायदा हाणून पाडला तर आपल्याकडे कुणी का बोललं नाही?

मी वकील नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या इंटरनेट पुरवठादाराकडे १९ वर्षं नेटवर्क सांभाळतो आहे. साइट बंद करण्याचे आदेश आमच्याकडे येतात ते माझ्याच मेलमध्ये येतात आणि त्यांची अंमलबजावणीही मीच करतो. कायद्याबद्दल जे सांगेन ते हे आदेश वाचून, न कळलेलं वकिलांना विचारून शिकलेलं आहे. आणि तुमच्या साइटचं नेमकं काय झालंय हे इथून ठामपणे सांगता येणार नाही, कारण ते तुमचं होस्टिंग कसलं आहे आणि कोणत्या कंपनीच्या नेटवर अडतं यावर अवलंबून आहे. पण एक धागा तुम्ही स्वतःच दिला आहे, तिकडे येतो.

तुम्ही कायद्यापासून सुरुवात केलीत. मी असतो तर पाटीपासून केली असती. ज्यांना अडचण येते त्या वाचकांकडून स्क्रीनशॉट, तारीख-वेळ आणि कोणत्या कंपनीचं नेट होतं एवढं मागवा. पाटी दिसली तर अडवणूक मुद्दाम केलेली आहे. ‘सर्व्हर सापडला नाही’ असं आलं तर बहुधा डीएनएसच्या पातळीवर, म्हणजे नावावरून पत्ता शोधतानाच उत्तर नाकारलं जातंय. पान बराच वेळ नुसतं फिरत राहून बंद पडलं, तर आयपी, म्हणजे सर्व्हरचा आकडी पत्ताच अडवला असण्याची शक्यता जास्त. ही शेवटची तऱ्हा सगळ्यात वाईट. स्वस्त होस्टिंगवर एका आयपीवर शेकडो साइट राहतात, एखाद्या वाड्यात चाळीस बिऱ्हाडं असावीत तशा. त्यातल्या एका बिऱ्हाडाच्या भानगडीसाठी कुणी वाड्याचा दिंडी दरवाजाच लावून घेतला, तर बाकीच्या एकोणचाळिसांना बाहेर पडता येत नाही आणि कारणही कळत नाही.

घरी चालते आणि फोनवर चालत नाही, याचं तुम्हाला आश्चर्य वाटलं. आमच्या धंद्यात ते रोजचं आहे. आदेश सगळ्या पुरवठादारांना एकच जातो, अंमल प्रत्येकजण आपापल्या यंत्रावर आपापल्या पद्धतीनं करतो. बंगळूरच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सहा मोठ्या पुरवठादारांचं नेट तपासलं होतं. कुठे ना कुठे बंद असलेल्या ४,०३३ साइट त्यांना सापडल्या, आणि सहाही ठिकाणी बंद असलेल्या त्यातल्या फक्त १,११५. तेव्हा ‘माझ्या घरी चालते म्हणजे बंदी नाही’ असं समजू नका, आणि एका ठिकाणी अडली म्हणून ‘सरकारनं मला गाठलं’ असंही नाही.

आता तो धागा. नवं डोमेन.

काही वर्षांपूर्वी इचलकरंजीच्या एका सूत व्यापाऱ्यानं असंच छोटं, सुटसुटीत नाव विकत घेतलं. साइटवर सुताचे काउंट, रोजचे दर आणि गोडाऊनचा पत्ता, एवढाच मजकूर. आमच्याच नेटवर ती उघडेना. मी आमच्या बंदीच्या यादीत शोधलं, तर त्याचं नाव तिथे आधीपासून होतं, २०१७ सालच्या एका आदेशातलं. त्या काळी त्या नावावर सिनेमे उतरवून घेण्याची साइट चालायची. ती बुडाली, नाव मोकळं झालं, बाजारात आलं, या गृहस्थांनी घेतलं. ज्या सिनेमासाठी आदेश काढला तो थिएटरमधून कधीच उतरला होता. यादीतली ओळ मात्र तशीच. मला इतक्या वर्षांत नावं वाढवण्याचे मेल शेकड्यानं आले. ‘हे नाव काढा’ असं सांगणारे एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

आणि ती ओळ मला मिटवता येईना. समोरचा माणूस सुताचा व्यापारी आहे हे मला डोळ्यांनी दिसत होतं. पण लेखी आदेशाशिवाय नाव काढलं तर न्यायालयाचा अवमान आमच्या अंगावर, लायसनवर गदा, आणि आमच्यासारख्या जिल्ह्यापुरत्या पुरवठादाराला ते परवडणारं नसतं. दाव्याचा नंबर शोधून त्या निर्मात्याच्या वकिलांना पत्र, त्यांचं उत्तर, मग आमच्याकडे सूचना, यात सात आठवडे गेले. इतर कंपन्यांच्या नेटवर काय झालं ते तपासायचाही त्या व्यापारी गृहस्थांना कंटाळा आला आणि ते परत जुन्या नावावर गेले.

म्हणून सगळ्यात आधी एक करा. इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे साइटची जुनी रूपं जपणाऱ्या संग्रहात, तुमचं नवं डोमेन टाका आणि ते तुमच्या हातात येण्याआधी तिथे काय होतं ते पाहा. सिनेमे किंवा क्रिकेटचं फुकट प्रक्षेपण दिसलं, तर निम्मं कोडं तिथेच सुटलं. हेच इंटरनेट आर्काइव्ह ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या देशात बंद झालं होतं. नुकत्याच येऊ घातलेल्या हिंदी सिनेमांच्या निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडून आदेश मिळवले होते, यादीत २,६०० हून जास्त साइट होत्या, आणि त्यांत लाखो जुनी पुस्तकं जपणारं हे ग्रंथालयही. ते बंद आहे हे त्यांना भारतातल्या वाचकांकडून कळलं. ज्या संस्थेच्या जिवावर तुमच्यासारखी माणसं जुनी मासिकं जतन करायला शिकली, तिच्या बाबतीत यादी करणाऱ्यानं ‘हे काय आहे?’ एवढं उघडून पाहिलं नाही, याचा मला आजही राग येतो.

आता कायदा, कारण इथे दोन वेगळे रस्ते आहेत आणि लोक ते एकच समजतात. सरकार थेट साइट बंद करतं ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली. त्यात कारणं ठरलेली आहेत : देशाचं सार्वभौमत्व, संरक्षण, सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि या बाबींतल्या दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी. कॉपीराइट त्यात नाही. पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या मजकुरावरून २०१२ मध्ये अटक झाली, त्यानंतर जो खटला उभा राहिला त्यात मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नेटवरच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दलचं कलम ६६अ रद्द केलं, पण ६९अ कायम ठेवलं. कायम ठेवण्याचं एक कारण असं होतं की आदेशाची कारणं लेखी द्यावी लागतात, म्हणजे त्याविरुद्ध रिट करता येतं. मात्र ६९अ खालच्या नियमांत गुप्ततेची तरतूद आहे, त्यामुळे ती कारणं साइटवाल्याच्या हातात पडणं अवघड होऊन बसतं.

दुसरा रस्ता कोर्टाचा, आणि पायरसीच्या बहुतेक बंद्या याच रस्त्यानं आल्या. प्रतिवादी कोण हे माहीत नसताना त्याच्याविरुद्ध मनाई मिळवायची, ज्याला आपल्याकडे अशोक कुमार आदेश म्हणतात. याची सुरुवात नेटवर नव्हे, केबलवर झाली. २००२च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी परवाना न घेता सामने दाखवणाऱ्या केबलवाल्यांविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयानं असा आदेश दिला होता. त्यात काही गैर वाटलं नाही मला. आमच्या भागात शुक्रवारी लागलेला सिनेमा रविवारी दुपारी केबलच्या लोकल चॅनेलवर यायचा आणि थिएटरचा मॅनेजर रिकाम्या खुर्च्यांकडे बघत बसायचा, हे मी पाहिलं आहे. पण केबलवाल्याचं दुकान गावात असतं, कोर्टानं नेमलेला कमिशनर जाऊन बघू शकतो. नेटवर तेच हत्यार वापरलं तेव्हा बघणारा माणूस मधून गेला आणि यादी उरली.

ही यादी आमच्यापर्यंत कशी येते ते सांगतो, म्हणजे चूक कुठे शिरते ते कळेल. दूरसंचार विभागाकडून मेल येतो, सोबत कोर्टाचा आदेश आणि पत्त्यांची जंत्री. सुरुवातीच्या वर्षांत ती जंत्री म्हणजे छापील कागद स्कॅन करून केलेली पीडीएफ असायची, ज्यातून अक्षरं कॉपीसुद्धा करता येत नसत. एका शुक्रवारी रात्री अशी अकरा पानं आली आणि अनुपालन अहवाल सोमवारी सकाळी हवा होता. मी आणि एक पोरगा समोरासमोर बसून, एकानं वाचायचं, एकानं टाइप करायचं, असं पहाटे दोनपर्यंत केलं. सकाळी गडहिंग्लजच्या फोटोग्राफरचा फोन : ‘साहेब, लग्नाचा अल्बम प्रिंटिंगला पाठवायचाय, फाइल जाईना झालीय.’ शोधल्यावर कळलं, मोठ्या फाइली पाठवण्याच्या एका प्रसिद्ध सेवेवरची एकच लिंक आदेशात होती. ती कागदावर दोन ओळींत तुटली होती. आम्ही पहिली ओळ टाइप केली आणि त्या ओळीत सेवेचं फक्त नाव होतं. एका सिनेमाच्या एका लिंकऐवजी आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांसाठी अख्खी सेवाच बंद झाली. दहा मिनिटांत दुरुस्त केली. त्या फोटोग्राफरकडे माझा नंबर होता म्हणून. ज्यांच्याकडे नव्हता त्यांनी नेट खराब आहे म्हणून सोडून दिलं असणार. त्या दिवसापासून प्रत्येक ओळ मी स्वतः उघडून पाहतो, आणि यादीत पाहिल्यावर बंद करू नये असं वाटणाऱ्या साइटही दर खेपेला निघतात. पण माझं काम अंमल करायचं आहे, न्याय करायचं नाही, आणि तसं ते असूही नये.

ही तपासणी आधीच करायला लावणारा एक आदेश मात्र आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून आला, आणि तुम्ही तो मिळवून वाचावा अशी माझी शिफारस आहे. २०१६ साली इरॉस या सिनेमा कंपनीनं बीएसएनएल आणि इतर पुरवठादारांविरुद्ध अशीच मागणी केली. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी सरसकट साइट बंद करायला नकार दिला. साइटवर सगळंच बेकायदा आहे याचा पुरावा कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. प्रत्येक लिंक तपासून, त्यावर आणखी एक तपासणी करून, शपथेवर यादी द्यायला लावली. शिवाय अडवलेल्या पानावर दाव्याचा नंबर, आदेशाची तारीख आणि ज्याला हरकत आहे त्यानं कोर्टात यावं ही सूचना दिसली पाहिजे, असं सांगितलं. माझ्या मते पायरसीविरोध आणि सेन्सॉरशिप यांच्यामधली रेघ इथे आहे. हेतू चोरी थांबवण्याचा असेलही. पण अख्खी साइट गेली, कुणी ती उघडून पाहिली नव्हती, मालकाला कळवलं नाही आणि बंदीला शेवटची तारीखही नाही, तर वाचकाच्या बाजूनं ती सेन्सॉरशिपच आहे, मग आदेशावर कुठलाही कायदा लिहिलेला असो.

खेदाची गोष्ट म्हणजे पटेलसाहेबांची ती पाटी आता तंत्रज्ञानानंच अडवली आहे. साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवण्याच्या पद्धतीवर गेल्या. म्हणजे आमच्या यंत्राला लिफाफ्यावरचं साइटचं नाव दिसतं, आत कोणतं पान मागितलं ते दिसत नाही. तेव्हा ‘फक्त हे पान बंद करा’ असा आदेश आला तरी माझ्या हातात दोनच बटणं : सगळी साइट चालू किंवा सगळी बंद. आणि मध्येच आमची पाटी घुसवायला गेलो तर ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून वाचकाला घाबरवतो. तुमच्या वाचकांपैकी एकालाच पाटी दिसली ती बहुधा यामुळे.

न्यायालयं पुढे कोणत्या दिशेनं गेली? एप्रिल २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात न्यायमूर्ती मनमोहन यांनी यूटीव्ही या सिनेमा कंपनीच्या दाव्यात ठरवलं की ज्यांचा मुख्य धंदाच चोरीचा आहे अशा साइट पूर्ण बंद करता येतील, आणि त्यांनी नाव बदलून पुन्हा दुकान मांडलं तर नव्या दाव्याऐवजी न्यायालयाच्या सहनिबंधकांकडे अर्ज करून ते नाव यादीत जोडता येईल. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं आणखी पुढे जाऊन, अजून तयारही न झालेल्या सिनेमा-मालिकांना आधीच संरक्षण दिलं. निर्मात्यांची अडचण मला समजते. रोज नाव बदलणाऱ्या चोरामागे प्रत्येक वेळी नवा दावा घेऊन कोण धावणार? पण यादी जितकी आपोआप वाढते, तितकी ती तपासणारी नजर दूर जाते.

आता तो २०२३चा कायदा. सिनेमॅटोग्राफ कायद्यातली ती दुरुस्ती. थिएटरमध्ये चोरून चित्रीकरण केलं किंवा तशी प्रत दाखवली तर किमान ३ महिने आणि ३ वर्षांपर्यंत कैद, किमान ३ लाख रुपये दंड, आणि तो निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. याबद्दल माझी तक्रार नाही. आक्षेप आहे तो कलम ७ मध्ये घातलेल्या एका पोटकलमावर, ज्यानं अशा प्रती नेटवरून हटवण्याची कारवाई सरकारला स्वतः करता येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं १२ नोडल अधिकारी नेमले, काही मंत्रालयातले, काही सेन्सॉर बोर्डातले. तक्रार आली की त्यांनी सूचना द्यायची आणि ४८ तासांत मजकूर हटवायचा. कोर्टाची पायरी गेली. मंत्रालयाच्या निवेदनात सुनावणीचा उल्लेख आहे, पण तो तक्रार करणारा हक्कदार नसेल तेव्हाचा, म्हणजे तक्रार खरी आहे का हे ठरवण्यासाठी. ज्याचं पान जाणार त्याला आधी विचारण्याचा उल्लेख मला त्यात दिसला नाही. सिनेमाला प्रमाणपत्र देणाऱ्या खात्याच्याच हातात सिनेमाबद्दलचं पान हटवण्याची किल्ली जाणं मला धोक्याचं वाटतं, आज ती किल्ली चांगल्या माणसाच्या खिशात असली तरीही.

पण तुमच्यापुरतं सांगायचं तर हा कायदा सिनेमाच्या प्रतींपुरता आहे. मासिकं आणि नाट्यगीतं त्यात बसत नाहीत. तुमच्या साइटवर एकही चित्रफीत नसेल, तर या कायद्यावर संशय घ्यायला जागा कमी आहे. जुन्या कोर्ट आदेशात अडकलेलं डोमेन किंवा शेजाऱ्यामुळे अडलेला आयपी, या दोन शक्यता मी आधी तपासेन.

अमेरिकेबद्दल तुम्ही विचारलंत. तिथे ‘सोपा’ नावाचं विधेयक ऑक्टोबर २०११ मध्ये संसदेत आलं, आणि त्याचं जुळं भावंड ‘पिपा’ वरिष्ठ सभागृहात होतंच. मूळ प्रस्तावात डीएनएसमधूनच साइट गायब करण्याची तरतूद होती. पॉल विक्सीसारख्या, डीएनएस घडवणाऱ्या इंजिनियरांनी आधीच लिहून दिलं होतं की यानं इंटरनेटची सुरक्षितता मोडेल. १८ जानेवारी २०१२ ला इंग्रजी विकिपीडिया निषेध म्हणून चोवीस तास बंद, काळा राहिला, आणि दोन दिवसांत दोन्ही विधेयकं बाजूला पडली. एक विधेयक होतं, त्यावर एक मतदान होणार होतं, म्हणून लोकांना एका दिवशी एकत्र येता आलं. आपल्याकडे ही गोष्ट आदेशामागून आदेश अशी आली. एक सिनेमा, एक दावा, एक यादी. विरोध कशाला करायचा हेच हाताला लागत नव्हतं. तरी कुणी बोललं नाही असं नाही. मे २०१२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या एका आदेशावरून पुरवठादारांनी व्हिमिओ, डेलीमोशनसारख्या व्हिडिओच्या साइट बंद केल्या, तेव्हा ९ जूनला मुंबईत आझाद मैदानावर मुखवटे घालून तरुण पोरं जमली होती. त्याच महिन्यात न्यायालयानं खुलासा केला की बंदी विशिष्ट लिंकपुरती आहे, साइटची नाही. आणि २०२३ ला जेव्हा खरोखर विधेयक आलं, तेव्हा बाहेर चर्चा झाली ती यूए ७+, १३+, १६+ या वयानुसारच्या नव्या वर्गवारीची आणि पायरसीवाल्यांना धडा शिकवण्याची. ते पोटकलम तसंच पार पडलं.

गुन्ह्याची भीती. २०१६ मध्ये अडवलेल्या पानांवर अशी पाटी झळकली होती की हे पान पाहणंसुद्धा तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे. पोरांचे पालक आम्हाला फोन करत होते. न्यायमूर्ती पटेल यांनीच नंतर स्पष्ट केलं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. बेकायदा वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री किंवा भाड्यानं देणं हा गुन्हा आहे. तुमचे वाचक निर्धास्त राहू देत. तुम्ही स्वतः मात्र वितरण करता, म्हणून तुमची बाजू कागदावर पक्की हवी. महाराष्ट्रात तर २००९ पासून एमपीडीए या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यात हातभट्टीवाल्यांच्या रांगेत व्हिडिओ पायरेट्सही आहेत, म्हणजे खटल्याशिवाय एक वर्षापर्यंत स्थानबद्धता. जुनी मासिकं जपणाऱ्यावर तो लागेल असं मी अजिबात म्हणत नाही. ‘पायरसी’ हा शब्द किती लांब पोचतो ते कळावं म्हणून सांगितलं.

लेखन लेखकाच्या मृत्यूनंतर, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षं संरक्षित असतं, ध्वनिमुद्रण प्रकाशनानंतर ६० वर्षं. कृ. प्र. खाडिलकर १९४८ मध्ये गेले, त्यांची पदं २००९ पासून मोकळी आहेत. १९३०च्या दशकातली तबकडी मोकळी आहे, गायक नंतर कितीही वर्षं जगलेला असो, मात्र पद आणि चाल कुणाची हे वेगळं पाहावं लागतं. पण त्याच मासिकाच्या एखाद्या अंकात ग. दि. माडगूळकरांची कविता असेल, तर ते १९७७ मध्ये गेल्यामुळे ती २०३७ अखेरपर्यंत मोकळी नाही. मासिकाचा अंक जुना आहे एवढ्यावर जाऊ नका. प्रत्येक लेखकापुढे मृत्यूचं वर्ष लिहिलेला तक्ता करा. कुणी आक्षेप घेतला तर हाच तक्ता तुमच्या कामाला येईल.

एवढं झाल्यावर क्रमानं असं जा. डोमेनचा इतिहास पाहा. होस्टिंगवाल्याला विचारा की आयपी सामायिक आहे का आणि त्यावर कुणाबद्दल आदेश आलाय का. थोडे पैसे जास्त देऊन स्वतंत्र आयपी घेतला की अडचण सुटली, तर दोष शेजाऱ्याचा. न सुटल्यास ज्या कंपनीच्या नेटवर पाटी दिसली तिच्या तक्रार कक्षाला लेखी विचारा : आदेश कुणाचा, दावा क्रमांक काय, तारीख कोणती. ग्राहक म्हणून त्या वाचकानंही तीच तक्रार नोंदवली तर बरं, कारण त्याला उत्तर देणं कंपनीला टाळता येत नाही. दूरसंचार विभागाला माहिती अधिकारात अर्ज टाका, आणि त्यात ‘कोर्टाच्या आदेशानुसार’ बंदी असल्यास आदेशाची प्रत मागा. ६९अ म्हटलं की गुप्ततेचं उत्तर येऊ शकतं, कोर्टाचा आदेश मात्र सार्वजनिक कागद आहे. दावा क्रमांक मिळाला की उच्च न्यायालयाच्या साइटवर आदेश सापडतो, त्यावर निर्मात्याच्या वकिलांची नावं असतात. त्यांना डोमेन कोणत्या तारखेला घेतलं त्याची पावती, आधीच्या आणि आताच्या साइटचे स्क्रीनशॉट, आणि तो लेखकांचा तक्ता पाठवा. माझ्या अनुभवात ते बहुधा नाव वगळायला तयार होतात, कारण निरपराध माणूस कोर्टासमोर उभा राहिलेला त्यांनाही नको असतो. नाही ऐकलं तर त्याच दाव्यात अर्ज करता येतो, त्यासाठी मात्र वकील लागेल.

आणि जर तुमच्या होस्टिंग कंपनीकडे कुणी थेट कॉपीराइटची तक्रार केली असेल, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(क) मधली २१ दिवसांची मुदत लक्षात ठेवा. तेवढ्यात तक्रारदारानं कोर्टाचा आदेश आणला नाही, तर होस्टिंग कंपनीला मजकूर पुन्हा सुरू करता येतो. बऱ्याच होस्टिंगवाल्यांना हे ठाऊक नसतं, तुम्ही मेलमध्ये कलम लिहून द्या.

जुनं लांब नाव अजून तुमच्याकडे असेल तर ते सोडू नका, आजच त्याचं नूतनीकरण करा आणि तीच साइट दोन्ही नावांवर चालू ठेवा. वेबॅकवर काय सापडतं ते आणि त्या पाटीचा स्क्रीनशॉट इथे टाका. पाटीवरची शब्दरचना बघून ती कोर्टाच्या आदेशाची आहे की ६९अ खालची, याचा अंदाज मला बहुतेक वेळा बांधता येतो.